ताईला निरुत्तर करायचंय

पत्र मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते:

‘मी वसईचा, वय २७. आमचं घर धार्मिक. बाबा होते तोवर संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कधी चुकली नाही. त्यांच्या किडन्या गेल्या, दोन वर्षं डायलिसिस चाललं, २०२१ मध्ये ते गेले. तेव्हापासून ताई चर्चला येईनाशी झाली आणि आता उघडच म्हणते की देव वगैरे काही नाही. लग्नानंतर ती बोरिवलीला असते. मी आमच्या चर्चच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या, युवक मंडळात आहे. ख्रिस्ती आणि नास्तिक वक्त्यांचे वादविवाद यूट्यूबवर भरपूर ऐकलेत. यंदा नाताळच्या जेवणाला ताईने विषय काढला. म्हणाली, वसईत जन्मलास म्हणून ख्रिस्ती झालास, पंढरपुरात जन्मला असतास तर वारी केली असतीस. विलेपार्ल्याच्या पाझरणाऱ्या क्रुसाची गोष्टही तिने काढली, तो तर आपल्याविरुद्धचा अपप्रचार. मी तिला मुद्देसूद विचारलं, ज्याची सुरुवात होते त्याला कारण असतं, विश्वाची सुरुवात झाली, मग त्याचं कारण कोण? ती म्हणाली, मग देवाला कोणी केलं? मी म्हटलं, आधी वाचून ये. शेवटी एवढंच विचारलं, “तुझ्या हिशेबाने बाबा म्हणजे आता नुसती माती ना?” तिच्याकडे उत्तर नव्हतं. ताटावरून उठली आणि तासाभरात निघून गेली. आई आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धूत बसली. त्यानंतर ताईचा फोन नाही. पुढच्या महिन्यात चर्चमध्ये बाबांच्या पुण्यतिथीची प्रार्थना, मिस्सा, आहे. आई म्हणते, तूच फोन कर. मला वाटतं ताई नास्तिक नाहीच, ती देवावर रागावली आहे. संत पेत्र सांगतो की आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी तयार असा. मग माझं काय चुकलं? आणि तिला निरुत्तर करेल असा एखादा पक्का युक्तिवाद असेल तर सांगा.’

अरे, तुझ्या वयाच्या पोरांना मी एकतीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, तेव्हा अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी कोणत्या बाजूची, हा प्रश्न तुला पडणारच, तर तेही सांगून टाकते. मी वसईचीच. मध्ये अकरा वर्षं चर्चची पायरी चढले नव्हते. आता रविवारी जाते, मागच्या बाकावर बसते आणि श्रद्धांगीकारातली, म्हणजे सगळे मिळून म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीतली, दोन वाक्यं अजूनही मनातल्या मनात गाळते. तेव्हा तुम्हा दोघांपैकी कोणालाच मी पूर्ण आपलीशी वाटणार नाही.

पेत्राचं वाक्य तू अर्धं लिहिलंस. त्याच वचनात पुढे सांगितलंय की ते उत्तर सौम्यपणे आणि आदराने द्या. वादविवादाच्या व्हिडिओंत पहिला अर्धा भाग पडद्यावर झळकतो आणि दुसरा बहुधा कापला जातो. तू अर्धाच ऐकलास, यात तुझा एकट्याचा दोष नाही. पण बायबल घरात आहे, उघडून बघ.

आता तू ज्याला ‘एवढंच विचारलं’ म्हणतोस, त्या वाक्याकडे येऊ. ‘बाबा म्हणजे नुसती माती ना?’ यंदाच्या राखेच्या बुधवारी तुझ्याही कपाळावर फादरांनी राख लावली असेल. लावताना काय म्हणतात? तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं ते वाक्य आपण दरवर्षी मान खाली घालून, बिनतक्रार ऐकून घेतो. तेच तू ताईच्या तोंडावर शिवीसारखं फेकलंस. वर म्हणतोस, तिच्याकडे उत्तर नव्हतं. अरे, तो प्रश्न नव्हताच. दोन वर्षं बाबांना डायलिसिसला घेऊन जाण्यात तिचाही वाटा असणार. तुझ्या पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. माणूस गप्प झालं म्हणजे हरलं, हा हिशेब वादविवादाच्या मंचावर चालतो, कारण तिथे शेवटी टाळ्या मोजतात. तुमच्या घरात त्या दिवशी टाळी वाजली नाही. आत भांडी वाजली.

पण तू युक्तिवाद मागितला आहेस, आणि मी जुनी मास्तरीण आहे, तेव्हा त्या विषयाला बगल देणार नाही. तुझा युक्तिवाद तपासू.

‘ज्याची सुरुवात होते त्याला कारण असतं’ हा तू वापरलेला युक्तिवाद आजच्या ख्रिस्ती वक्त्यांचा स्वतःचा नाही. तो नावारूपाला आणला अल-गझालीने, अकराव्या शतकातल्या मुसलमान विचारवंताने. आजकालच्या ख्रिस्ती वक्त्यांनी तो उचलून चांगला घासूनपुसून चकचकीत केलाय. त्यात काही पाप नाही, चांगली वस्तू कोणाकडूनही घ्यावी. पण आपल्या घरातला सगळ्यात मोठा तर्कपंडित त्याबद्दल काय म्हणाला, हे तुला ठाऊक आहे का? संत थॉमस अक्वायनस, तेरावं शतक. देव आहे हे दाखवायचे पाच मार्ग त्याने मांडले, म्हणजे युक्तिवादांचं वावडं असलेला माणूस नव्हे. तोच थॉमस म्हणतो की विश्वाला सुरुवात होती हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, ते आपण श्रद्धेने मानतो. आणि पुढे बजावतो, की जे श्रद्धेचं आहे ते सिद्ध करायला जाऊन लंगडे पुरावे देऊ नका, नाहीतर न मानणारे हसतील आणि त्यांना वाटेल, असल्या कारणांसाठी हे लोक विश्वास ठेवतात!

हे वाचलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पुस्तक मिटून बाहेर फेऱ्या मारून आले होते.

तू म्हणशील, थॉमसला बिग बँग कुठे ठाऊक होता? बरोबर. मग ज्याला ठाऊक होता, किंबहुना ज्याने तो पहिल्यांदा मांडला, त्याचं ऐक. जॉर्ज लमेत्र. बेल्जियमचा, भौतिकशास्त्रज्ञ आणि कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ साली गणिताने मांडलं, आणि १९३१ साली सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूतून झाली असावी असं म्हटलं. नास्तिक वक्ते ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असं बोलतात तेव्हा या फादरांना सोयीस्करपणे विसरतात, हे तू ताईला जरूर सांग. पण पुढचंही सांग. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या सिद्धांताचा हवाला देऊन असं सुचवलं की विज्ञानच आता निर्मितीची साक्ष देतंय. आनंद कोणाला व्हायला हवा होता? लमेत्रला. तो अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं असं, की माझा सिद्धांत देवाच्या प्रश्नाच्या बाहेरचा आहे, त्याला देवाच्या बाजूने साक्षीला उभा करू नका. त्याने आपलं म्हणणं वरपर्यंत पोचवलं आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. त्याच्या गणितातून देव सिद्ध होतोय असं खुद्द पोप म्हणत होते, आणि हा धर्मगुरू म्हणाला, नको, ते गणित तसं नाही. खरं सांगते, मला या नकाराइतकी श्रद्धेची खूण दुसरी सापडलेली नाही.

आता ताईचा सवाल. ‘मग देवाला कोणी केलं?’ इथे तुझी बाजू खरी होती. युक्तिवाद ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतं’ असा नाहीच, ज्याची सुरुवात होते त्याला कारण असतं असा आहे, आणि देवाला सुरुवात आहे असं कोणी म्हणत नाही. हे तू दोन वाक्यांत समजावू शकला असतास. त्याऐवजी ‘आधी वाचून ये’ म्हणालास. ज्याला खरंच समजलेलं असतं त्याला समजावून सांगायचा मोह आवरत नाही, हा माझा वर्गातला अनुभव. ‘वाचून ये’ म्हणणाऱ्यांना मी बहुतेक वेळा पुढचा प्रश्न विचारायचे आणि गंमत बघायचे.

तर पुढचा प्रश्न. समजा तुझा युक्तिवाद पूर्ण टिकला. हाती काय लागलं? एक कारण. त्या कारणाला तुझं नाव ठाऊक आहे, ते प्रार्थना ऐकतं, ते बेथलेहेमात जन्मलं, असं त्यातून काहीएक निघत नाही. तुझ्या बाबांची रोझरी ज्याच्यापाशी चालायची, तिथवर ही गाडी जात नाही. ती वाटेतच थांबते, आणि पुढे उतरून चालावं लागतं. आणि ताई याहून चांगला सवाल विचारू शकली असती, की तुम्ही देवापाशी येऊन थांबता, मी विश्वापाशीच का थांबू नये?

हा सवाल एका मोठ्या माणसाने विचारलाय. २८ जानेवारी १९४८, बीबीसी रेडिओ. एका बाजूला बर्ट्रांड रसेल, वय ७५, जगप्रसिद्ध नास्तिक. दुसऱ्या बाजूला फादर फ्रेडरिक कोपलस्टन, येशूसंघीय, वय ४०. हा संवाद तू मिळवून ऐक किंवा वाच. तुझ्या यूट्यूबवर ‘अमक्याने तमक्याची धूळधाण केली’ अशा मथळ्यांखाली जे चालतं, त्यापेक्षा हे काहीतरी निराळंच आहे. सुरुवातीलाच कोपलस्टन म्हणतात, आपण ‘देव’ कशाला म्हणतो ते आधी ठरवूया. जगाहून वेगळी, जग निर्माण करणारी, व्यक्तिरूप अशी परमसत्ता, चालेल? रसेल म्हणतात, चालेल. मग कोपलस्टन विचारतात, देव नाही हे सिद्ध करता येतं असं तुमचं म्हणणं आहे का? रसेल म्हणतात, नाही, तसं नाही, माझी भूमिका अज्ञेयवादी आहे. झालं! पहिल्या काही मिनिटांतच दोघांना कळलं की समोरचा नक्की कुठे उभा आहे. तुला ताईबद्दल हे ठाऊक आहे का? देव नाही अशी तिची खात्री आहे, की देव आहे असं मानायला कारण सापडत नाही, की असेलही पण बाबांच्या वेळी जो गप्प राहिला त्याच्याशी तिला कर्तव्य नाही? या तीन निराळ्या भूमिका आहेत. तुझ्या पत्रात तिन्हींना मिळून एकच नाव आहे, ‘रागावली आहे’.

पुढे विश्वाच्या कारणावर गाडी अडली. रसेल म्हणाले, विश्व आहे, बस, एवढंच. त्याच्या कारणाचा प्रश्नच मला अर्थपूर्ण वाटत नाही. अशा भूमिकेबद्दल कोपलस्टननी पुढे थॉमस अक्वायनसवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, जो बुद्धिबळाच्या पटावर बसायलाच तयार नाही, एकही चाल करत नाही, त्याला मात देता येणार नाही हे उघड आहे. म्हटलं तर टोमणा आहे. पण किती स्वच्छ! त्या संवादात मात्र दोघं तो विषय तिथेच ठेवून धार्मिक अनुभवाकडे आणि मग नीतीच्या प्रश्नाकडे गेले. कोणी जिंकलं नाही. त्या संवादाची दोन्ही बाजूंची माणसं आज इतक्या वर्षांनी पारायणं करतात, कारण त्यात दोघांची मतं कुठे आणि का फुटतात ती जागा स्पष्ट दिसते.

तुम्हा भावा-बहिणीची जागा कुठे आहे ते अजून कोणालाच दिसलेलं नाही. कारण तुम्ही दोघांनी एकमेकांना एकच डाव टाकलात. ताई म्हणाली, वसईत जन्मलास म्हणून ख्रिस्ती. तू म्हणतोस, बाबा गेले म्हणून नास्तिक. दोन्ही वाक्यांची बांधणी एकच आहे, ओळखलीस का? दोन्हींत समोरच्याचं मत कुठून आलं हे सांगितलंय, ते खरं की खोटं याला हातच लावलेला नाही. मी पृथ्वी गोल आहे असं मानते ते चौथीच्या बाईंनी छडी दाखवून सांगितलं म्हणून. त्यामुळे पृथ्वी चपटी होत नाही. ताई पंढरपूरचं बोलली तेव्हा तुला राग आला, कारण तुझ्या आयुष्यभराच्या प्रार्थनेला तिने पिनकोडात बसवलं. मग तिची तीन-चार वर्षांची घालमेल तू ‘राग’ या एका शब्दात बसवलीस, तिला काय वाटलं असेल? ती दुःखात होती हे खरं असेल. पण दुःखातला माणूस विचार करत नाही, असं कोणी सांगितलं तुला? कित्येकदा तेव्हाच करतो. ‘ती खरी नास्तिक नाहीच’ हे वाक्य फोनवर तर नाहीच, मनातही पुन्हा म्हणू नकोस. तुला कोणी ‘तू खरा ख्रिस्ती नाहीसच, आईला बरं वाटावं म्हणून जातोस’ म्हटलं तर चालेल?

बाबांच्या आजारपणाचा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच. तो युक्तिवादाने सुटत नाही, आणि मजा अशी की आपलं शास्त्रही तो युक्तिवादाने सोडवत नाही. थॉमस अक्वायनसकडेच परत जा. ‘देव आहे का?’ या प्रश्नाला हात घालताना तो आधी स्वतःच्या विरुद्ध पक्ष मांडतो, आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात तसा. त्यात दोन आक्षेप आहेत. एक, देव अमर्याद चांगला असेल तर जगात वाईट का? दोन, निसर्ग आणि माणसाची बुद्धी यांनी सगळ्याचा उलगडा होत असेल तर देव हवाच कशाला? साडेसातशे वर्षं झाली, नास्तिकांकडे याहून तिसरा मोठा आक्षेप फारसा आलेला नाही. आणि ते दोन्ही एका संताने, आपल्या हाताने, पहिल्या जागेवर लिहून ठेवलेत.

पण वेदनेबद्दल मला थॉमसपेक्षा बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक जवळचं वाटतं. तू ते युवक मंडळात वाचलं असशील, बहुधा ‘ईयोबाची सहनशीलता’ अशा मथळ्याखाली. पुन्हा वाच. मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गमावून, अंगभर फोड घेऊन ईयोब राखेत बसलाय. तीन मित्र येतात, अलीफज, बिल्दद आणि सोफर. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम. मग ते तोंड उघडतात आणि देवाची वकिली सुरू करतात. देव न्यायी आहे, तेव्हा तुझंच काही चुकलं असणार. मुद्देसूद, ओळीने, अध्यायामागून अध्याय. ईयोब मात्र देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो, जन्मल्या दिवसाला शिव्या घालतो. आणि शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव कोणावर संतापतो? अलीफजवर! म्हणतो, तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसे. मग त्या तिघांना ईयोबाकडे जावं लागतं, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करतो तो ईयोब.

त्या जेवणाच्या टेबलावर तू कोणाच्या खुर्चीत होतास, ते मी सांगत बसत नाही.

विलेपार्ल्याचा क्रूस राहिला. ते तू पत्रात ‘आपल्याविरुद्धचा अपप्रचार’ म्हणून झटकलंयस, तर जे घडलं ते ऐक. मार्च २०१२, इर्ल्याचं वेलंकणी मातेचं चर्च. तिथल्या क्रुसावरच्या मूर्तीच्या पायांतून पाणी थेंब थेंब गळू लागलं, लोक ते भांड्याबाटल्यांतून नेऊ लागले. एका वाहिनीने सनल एडामारुकू यांना बोलावलं, ते विवेकवादी चळवळीतले. त्यांनी भिंतीमागे पाहिलं, तर जवळच्या स्वच्छतागृहाची मोरी तुंबलेली. तुंबलेलं पाणी दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं भिंतीतून आणि लाकडातून वर चढत होतं आणि खिळ्याच्या भोकातून बाहेर पडत होतं. पुढे टीव्हीवरच्या चर्चेत ते चर्चबद्दल जे बोलले ते अनेकांना झोंबलं. भावना दुखावल्याच्या कलमाखाली, २९५-अ खाली, त्यांच्याविरुद्ध तक्रारी झाल्या आणि अटकेच्या शक्यतेने त्या वर्षी त्यांनी फिनलंड गाठलं.

आता सांग, यात श्रद्धेला धक्का कशाने लागला? मोरीने? चर्चने तर तो चमत्कार असल्याचं जाहीरही केलं नव्हतं. असल्या बाबतीत आपलं चर्च पूर्वापार चिकट आहे. फ्रान्समधल्या लूर्दच्या तीर्थक्षेत्री १८५८ पासून आजवर बरं झाल्याचे हजारो दावे आले, त्यातले चमत्कार म्हणून मान्य झाले सत्तरच्या आसपास, तेही डॉक्टरांच्या चाळणीतून. मदर तेरेसांना धन्य घोषित करण्याआधी त्यांच्याविरुद्ध काय म्हणायचंय ते ऐकायला चर्चने २००१ मध्ये वॉशिंग्टनला कोणाला बोलावलं? क्रिस्टोफर हिचन्सला, त्यांचा सगळ्यात कडवा टीकाकार आणि पक्का नास्तिक. त्याची साक्ष नोंदवून घेतली. ती मानली नाही, ही गोष्ट वेगळी. पण समोर बसवून ऐकली. पोलीस ठाण्यात जाण्यापेक्षा ही रीत जुनीही आहे आणि आपल्या इभ्रतीलाही शोभणारी आहे. ताईने क्रुसाचा विषय काढला तेव्हा ‘हो ताई, पाणी मोरीचंच होतं’ एवढं म्हणायला तुझं काय जात होतं? मोरीचं पाणी मोरीचंच आहे हे कबूल केल्यावर मग तिला विचारता आलं असतं, की त्यावरून ख्रिस्त मेलेल्यातून उठला की नाही हे कसं ठरतं? तेही ठरत नाही ना.

एवढं सगळं सांगून तू मागितलेला पक्का युक्तिवाद मी दिलेलाच नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. कारण तो नाही. असता तर सतराव्या शतकात पास्कालला सापडला असता, त्याच्याएवढं गणिती डोकं तुझं-माझं नाही. ‘देव आहे’ यावर पैज लावण्यातच शहाणपण आहे, हा त्याचा प्रसिद्ध हिशेब तू ऐकला असशील. पण १६६२ साली तो गेल्यावर नोकराला त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला एक कागद सापडला. त्यावर २३ नोव्हेंबर १६५४ ची तारीख, रात्री साधारण साडेदहा ते साडेबारा. मग एक शब्द, अग्नी. मग लिहिलंय, अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. त्या दोन तासांत काय झालं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. आठ वर्षं कोट बदलला की कागद उसवून नव्या कोटात शिवत होता. पैजेचा हिशेब त्याने दुसऱ्यांना पटवायला मांडला. स्वतःच्या छातीशी मात्र हा कागद. ताई म्हणेल, त्याला रात्री काही वाटलं यावरून मी काय मानावं? आणि तिचं बरोबर आहे. तो कागद तिच्यासाठी पुरावा नाहीच. पण तुझ्या अस्तरात काय शिवलंय हे तू तिला कधी सांगितलंयस? युक्तिवाद सांगितलेस, ते तर तुलाही यूट्यूबवर मिळालेले. रोझरीला बाबांच्या शेजारी बसून तुला काय वाटायचं, हे तिला सांगून बघ. पटवायला नको, नुसतं सांगायला.

वर्गात मी एक पद्धत ठेवली होती. वाद घालण्याआधी दोघांनी एकमेकांची बाजू अर्ध्या पानात लिहायची, आणि समोरच्याने खाली सही करायची, ‘होय, माझं म्हणणं हेच.’ सही मिळेपर्यंत स्वतःचा मुद्दा मांडायला बंदी. एका वर्षी धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जायच्या तयारीतला एक मुलगा आणि एक कट्टर नास्तिक मुलगी अशी जोडी पडली. त्याने तिची बाजू तीनदा लिहिली, तिने तीनदा परत केली. चौथ्यांदा तिने पेन्सिलीने लिहिलं, ‘जवळजवळ. तिसरं वाक्य माझं नाही.’ ते तिसरं वाक्य होतं, ‘देव नसल्याने जगण्याला अर्थ नाही असे ती मानते.’ ‘मी असं कधी म्हटलं?’ एवढाच तिचा सवाल. तो खरोखर चकित झाला होता. त्याला वाटत होतं, नास्तिक म्हटल्यावर हे आलंच. कॅन्टीनवाल्याने दिवे घालवले तरी दोघं तिसऱ्या वाक्यावरच बसले होते. त्या सत्रात त्यांचा वाद व्हायचा राहूनच गेला, आणि मी दोघांनाही पूर्ण गुण दिले.

तू ताईची बाजू अर्ध्या पानात लिही. तिला पाठवू नकोस. फक्त बघ, लिहिता येते का.

आणि आता फोन. आधी माफी, आणि ती नेमक्या वाक्याची माग. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नव्हे, त्यात सगळा दोष ‘वाईट वाटण्या’वर जातो. ‘ताई, बाबांबद्दल मी जे बोललो ते बोलायला नको होतं,’ इतकं सरळ. मग थांब. ती काही बोलेल, बहुधा लागेल असं. ते ऐकून घे. सात दिवस नाही जमलं तरी सात मिनिटं जमायला हरकत नाही. मग मिस्सेचं सांग, तारीख आणि वेळ. यायला हवंस असं म्हणू नकोस. आत बसायचं, बाहेर अंगणात थांबायचं की थेट घरी जेवायला यायचं, हे तिचं तिने ठरवावं, आणि यातलं काहीही केलं तरी कोणी काही बोलणार नाही ही हमी तू घे. आळीतल्या मावश्यांचीसुद्धा. ते जास्त अवघड आहे, मला ठाऊक आहे. आली, तर कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेकडे डोळ्यांनी खुणावू नकोस. फादरांना आधी सांगून तिच्यासाठी प्रवचनात एखादा मुद्दा पेरू नकोस. हसू नकोस, हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. मिस्सेनंतर कबरीवर जाल तेव्हा फुलं तिच्या हातात दे. त्यासाठी काही मानावं लागत नाही.

ती परत चर्चला येईल की नाही, हा विषय यात कुठेच नाही. तो मनात ठेवून फोन केलास तर तिला पहिल्या वाक्यात कळेल, बहिणींना कळतंच. चर्चेचा विषय ती स्वतः काढेल तेव्हा कोपलस्टनचा पहिला प्रश्न आठव.

रविवारी मिस्सेहून आल्या आल्या फोन करू नकोस, तिला वाटेल प्रवचन ऐकून चेव आलाय. बुधवारही नको, आई माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जात असेल तर ताईला वाटेल तिनेच नवस बोलून तुला बसवलंय. शनिवारी सकाळी कर. तिचा चहा झाल्यावर.